मिठाचा बर्फ

माझ्या आईचा बर्फावर फार विश्वास होता आणि मिठावर त्याहून थोडा जास्त. सातपाटीच्या आमच्या घरात या दोन वस्तूंवाचून एक दिवस गेला नाही. होडी लागली की आई बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून दांडक्यानं फोडायची, टोपलीत एक थर मासळीचा, एक थर बर्फाचा असं रचायची आणि सगळ्यात वर मूठभर जाडं मीठ भुरभुरायची. मग टोपली घेऊन पालघरचा बाजार. तिथं दुपारी बाराला बाकीच्यांची पापलेटं मऊ पडलेली असायची, हिची मात्र ताठ. गिऱ्हाइकाला ती मुद्दाम बोटानं मासा दाबायला लावायची. "बग, कसा कडक हाय!" हा कडकपणा तिच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

मी शिकून नर्स झाले. ऐंशीच्या दशकात माझी नेमणूक मनोरच्या पलीकडे डोंगराखालच्या एका आरोग्य केंद्रात झाली आणि चार पाड्यांवर लस टोचायचं काम माझ्याकडे आलं. लशीच्या बाटल्या एका निळ्या डब्यात न्यायच्या. डब्याच्या चारी बाजूंना पाणी भरून गोठवलेल्या प्लॅस्टिकच्या चपट्या पिशव्या उभ्या करायच्या, मध्ये औषध. त्या पिशव्यांना आम्ही आइसपॅक म्हणायचो. पहिल्यांदा सुट्टीवर घरी गेले तेव्हा आईनं विचारलं, "त्या डब्यान काय नेतेस गो?"

"औषध. बर्फात घालून."

आई पोट धरून हसली. "म्हंजे येवढी शिकून तू बी माजाच धंदा करतेस!"

तिचं काही खोटं नव्हतं. प्रशिक्षणात आम्हाला शिकवायला एक सर होते, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की थंडी बर्फात नसते, बर्फाच्या वितळण्यात असते. बाहेरून येणारी सगळी उष्णता बर्फ वितळण्यात खर्ची पडते आणि तो पुरता वितळेपर्यंत त्याच्याजवळचं पाणी शून्याच्या वर जात नाही. म्हणून पिशव्यांत पाणी भरायचं, फ्रीझरमध्ये गोठवायचं, आणि डब्यात ठेवण्याआधी बाहेर काढून त्यांना घाम फुटू द्यायचा. घाम फुटला, हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं, की मगच ठेवायच्या. सर हा घाम शब्द इतक्या वेळा म्हणाले की आम्ही पोरी मागं बसून त्यांच्या काखेकडे बघून हसत होतो. पिशवीत पाणी भरा, एवढंच त्यांनी सांगितलं. मीठ घालू नका असं ते म्हणाले नाहीत. कशाला म्हणतील? मीठ घालायचं कुणाच्या डोक्यात येणार?

माझ्याही आलं नव्हतं. पण त्या वर्षी फेब्रुवारीतच ऊन तापलं. पहाटेच्या एसटीनं निघायचं, मग पायपीट, आणि प्रत्येक पाड्यावर दहा वेळा डब्याचं झाकण उघडायचं. एकदा चौथ्या पाड्यावर पोचले तर पिशव्यांत नुसतं पाणी आणि बाटल्या कोमट. संध्याकाळी केंद्रावर डॉक्टरांनी त्या सगळ्या बाटल्या सगळ्यांसमोर मलाच ओतायला लावल्या. वर म्हणाले, "सरकारी औषध आहे हे बाई, तुमची मासळी नव्हे." माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मासळीवरून कुणी बोललेलं मी शाळेपासून ऐकून घेतलेलं नाही. पण डॉक्टरांपुढं काय बोलणार? पुढच्या रविवारी घरी जाऊन सगळा राग आईपुढं ओकले.

आई सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मीठ नाय टाकलास?"

"कशात?"

"पान्यान गो. पिशवीच्या पान्यान मूठभर मीठ टाक. मासली कशी दिसभर कडक रेते, तुला काय म्हाइत नाय?"

मला माहीत होतं. जन्मल्यापासून बघत होते. उलट हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. आईनं जाड्या मिठाची पुरचुंडी बांधून दिली आणि सोमवारी मी सगळ्या पिशव्यांत मीठ विरघळवून त्या फ्रीझरमध्ये लावल्या.

काय थंडी धरली होती डब्यानं! चौथ्या पाड्यावर झाकण उघडलं की बोटं बधिर व्हायची. पोरं भोवती जमून डब्यात हात घालायला धडपडायची आणि हात लागला की किंचाळत पळायची. एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या ध्यानात आली होती. मिठाच्या पिशव्यांना घाम फुटत नसे. बराच वेळ बाहेर ठेवल्या तरी त्यांच्यावर पांढरी भुकटी गोठायची, मीठ फासल्यासारखी. मला त्याचा आनंद झाला. कधीकधी धनुर्वाताच्या बाटलीत बर्फाचा पापुद्रा दिसे, तो मी तळहाताच्या उबेनं वितळवायची. मग बाटली हलवली की तळाशी पांढरट कण भराभर खाली बसत. मला वाटायचं, जुना माल आला असेल. पोलिओची लस तर केंद्रात मुद्दाम गोठवूनच ठेवतात, मग हिला काय धाड भरली? इतकी मी शहाणी.

फेब्रुवारीपासून हे असंच चालू राहिलं. डॉक्टरांनी एकदा डब्यात हात घालून बघितलं आणि "शाब्बास" म्हणाले. ती शाबासकी मी घरी जाऊन आईला सांगितली, आईनं बाजारात सांगितली. माझ्या मिठान पोरांची औषधं टिकतात, असं ती पापलेट विकता विकता गिऱ्हाइकांना ऐकवायची.

आता त्या सुईणीबद्दल लिहायला हवं. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय आणि बर्फामिठात वेळ काढतेय.

चौथ्या पाड्यावर पन्नाशीला टेकलेली एक सुईण होती. काटक, कमी बोलणारी. भोवतालच्या पाड्यांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. केंद्रात सुईणींचं प्रशिक्षण झालं तेव्हा ती आली होती. तिथं तिला पत्र्याची एक पेटी मिळाली. तिच्यात ब्लेड, दोरा आणि साबण होता. बाकीच्या सुईणी साबण घरी नेऊन लुगडी धुवायच्या, हे मला ठाऊक होतं. ही मात्र साबण फक्त बाळंतपणाला बाहेर काढायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारायची, हात चोळून चोळून धुवायची आणि मग दोन्ही हात वर धरून वाऱ्यावर सुकवायची. फडक्याला पुसायची नाही. कारण मी सांगितलं होतं, फडकं मळकं असतं. मी सांगितलेलं इतकं मनापासून ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

त्या वर्षी तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी तिला धनुर्वाताच्या दोन्ही सुया दिल्या, एक होळीनंतर, दुसरी महिन्यानं. आईला टोचलेलं पोटातल्या बाळालाही पुरतं. सुईणीनंच तिला दंडाला धरून पुढं आणलं होतं. मुलगी सुईला घाबरून रडायला लागली तेव्हा तिची आई म्हणाली, "उगी. बाय तुज्या पोराला राखाया आली हाय."

जूनमध्ये मुलगा झाला. भात पेरून झालं होतं. मी दोन दिवसांनी बघून आले. बाळ छान होतं, ब्लेड नवं होतं, पाणी उकळलेलं होतं, दोरा उकळलेला होता. पाचवी पुजली. सहाव्या दिवशी बाळ दूध ओढेना. मला निरोप आला तो सातव्या दिवशी. मी पोचले तेव्हा बाळाचा जबडा आवळला होता आणि कुणी भांडं जरी आपटलं तरी त्याचं अंग कमानीसारखं वाकत होतं. आम्ही त्याला घेऊन रस्त्याला आलो आणि एसटीची वाट बघत उभे राहिलो. तिथंच, त्याच्या आजीच्या हातांवर, ते गेलं.

केंद्रात धनुर्वाताच्या मृत्यूची चौकशी झाली. कागद माझ्याकडूनच भरून घेतला. प्रसूती कुठं झाली? घरी. कुणी केली? सुईणीनं. आईला सुया दिल्या होत्या का? हो, दोन्ही. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात दोन्ही तारखा होत्या. डॉक्टरांनी त्या तारखांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सुया दोन्ही झाल्यात. म्हणजे दोष हातांचा."

सुईणींच्या सभेत त्यांनी तिला उभं केलं. ती एवढंच म्हणाली, "मी हात धुतलेले, सायेब."

"नीट धुतले असते तर तुझा नातू मेला असता का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला हात धुताना कितीतरी वेळा पाहिलं होतं. मी म्हणाले, "तिचे हात स्वच्छ असतात, डॉक्टर." डॉक्टर म्हणाले, "मग तुमच्या सुयांत काही नव्हतं काय?" सभा हसली. मी गप्प बसले, कारण माझी खात्री होती की माझ्या सुयांत होतं. त्या दिवशीच्या गप्प बसण्याला मी स्वतःला माफ करू शकते. तिनं पत्र्याची पेटी टेबलावर ठेवली, साबणाची अर्धी वडी वेगळी काढून पेटीवर ठेवली आणि निघून गेली. मुलीला सासरच्यांनी नेलं. पाड्यावरच्या बायका पुढच्या बाळंतपणांना सुईणीला बोलवेनाशा झाल्या. स्वतःच्याच नातवाला तिचे हात बाधले, तिथं आपलं काय, असं म्हणायच्या.

महिन्याभरानं केंद्राचा फ्रीझर बिघडला आणि ठाण्याहून मेकॅनिक आला. वयस्क, डोळ्यांवर जाड भिंगं, कामात चोख. त्यानं माझे आइसपॅक बाहेर काढून ठेवले. एकाच्या बुचाभोवती पांढरी खरपुडी साठलेली होती. त्यानं ती बोटावर घेऊन जिभेला लावली आणि माझ्याकडे वळला.

"बाई, ह्यात मीठ घातलंय?"

मी अभिमानानं हो म्हणाले. माझ्या आईची युक्ती म्हणाले!

माझ्या डब्यातून परत आलेली धनुर्वाताची एक न फोडलेली बाटली त्यानं घेतली, नव्या पेटीतली एक घेतली, दोन्ही जोरात हलवून खिडकीपाशी ठेवल्या. नवी बाटली दुधासारखी गढूळच राहिली. माझ्या बाटलीत पांढरे कण भराभर तळाला बसले आणि वर स्वच्छ पाणी उरलं. "ही मेली," तो म्हणाला. मग त्यानं मला समजावून सांगितलं, लहान पोरीला सांगावं तसं. साध्या पाण्याचा बर्फ शून्याला वितळतो, म्हणून औषध शून्याच्या वर राहतं. मिठाच्या पाण्याचा बर्फ शून्याच्या बराच खाली वितळतो आणि शेजारच्या बाटलीला स्वतःबरोबर खाली ओढतो. पोलिओच्या लशीला गोठण्याचं काही वाटत नाही. धनुर्वाताची एकदा गोठली की संपली, पुन्हा वितळवून उपयोग नाही. आणि मिठाचा बर्फ जास्त वेळ टिकत नाही, तो फक्त जास्त गार असतो. आम्ही सातपाटीचे लोक त्या गारठ्यालाच टिकणं समजत होतो. मासळीला त्यानं काही बिघडत नव्हतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणाला कळलंही नाही.

मी खिडकीतल्या बाटलीकडे बघत राहिले. मला ती मुलगी दिसत होती, दंड पुढं करून रडणारी. त्या बाळाला धनुर्वात कुठून लागला ते कुणीच सांगू शकणार नाही. नाळ गळल्यावर कुणी राख लावली असेल, शेण लागलं असेल. पण लागला तरी त्याला वाचवायला माझ्या दोन सुया होत्या आणि मी त्या मुलीच्या दंडात दोनदा नुसतं गढूळ पाणी टोचलं होतं. डॉक्टरांनी सभेत चेष्टा म्हणून विचारलेली गोष्ट अक्षरशः खरी होती.

मेकॅनिकनं पिशव्या रिकाम्या केल्या, तीनतीनदा धुतल्या आणि साधं पाणी भरून लावल्या. जाताना हळूच म्हणाला, "मी लिहीत नाही काही. तुम्ही पण बोलू नका. नोकरी जाईल." त्यानं ते चांगुलपणानं सांगितलं. मी ऐकलं, कारण मी भित्री होते. याला दुसरा शब्द नाही. त्या सगळ्या महिन्यांत टोचलेल्या बायकांना मी पुन्हा सुया दिल्या, नवीन हुकूम आलाय असं खोटं सांगून. तेवढं केलं. पण ज्या एका बाईच्या हातांना दोष लागला होता तिच्या घरावरून मी मान खाली घालून जात राहिले. एक वाक्य बोलले असते तर तिची पेटी तिला परत मिळाली असती. ते वाक्य मी दोन वर्षं गिळलं आणि मग माझी बदली झाली.

आईलाही सांगितलं नाही. सुट्टीला गेले की ती न चुकता विचारायची, "मीठ टाकतेस ना गो?" मी म्हणायची, टाकते. ती पुरचुंडी बांधून द्यायची. पालघर स्टेशनाबाहेरच्या गटारात मी ते मीठ ओतून टाकायची.

नव्वद सालाच्या सुमारास मी बोईसरजवळ सालवडला होते. तिथं सगळे कारखान्यांतले कामगार. लसीकरणाच्या दिवशी रांगेत एक बाप तान्ह्या मुलीला घेऊन आला, त्याच्या बायकोला बरं नव्हतं. माझा डबा बघून खुलला. "हमारे कंपनी में भी यही काम है, सिस्टर." त्याच्या कारखान्यात आइस्क्रीमच्या गाड्यांत लावायच्या, थंडी साठवून ठेवणाऱ्या पत्र्याच्या प्लेटा बनत. त्यांत वेगवेगळ्या मिठांचं पाणी भरत. कोणतं मीठ, किती, त्यावरून ते पाणी किती अंशाला गोठणार आणि वितळणार ते ठरतं. "हर माल का नमक अलग," तो म्हणाला, "ग़लत भर दिया तो पूरा माल ख़राब." आणि हसला. मी त्याच्या मुलीला टोचलं, कापसाचा बोळा दाबून धरला आणि तो गेल्यावर बाकड्यावर बसले. रांगेतल्या बायका विचारायला लागल्या, काय झालं सिस्टर. माझी आई चुकीची नव्हती. कारखाने तेच तर करत होते. तिचं मीठ मासळीचं होतं, आणि मी ते औषधात नेलं.

त्याच आठवड्यात रजा टाकली आणि मनोरची एसटी धरली.

सुईण थकली होती. अंगणात बसून नाचणी पाखडत होती. मला बघून तिनं आधी सूप खाली ठेवलं, उठली, रांजणातलं पाणी घेतलं आणि हात धुवायला लागली. कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, पुन्हा पुन्हा. मग दोन्ही हात वर धरून उभी राहिली. सुकल्यावर मला पाणी आणून दिलं. तिची सून हसून म्हणाली, "सासूचा हा छंदच हाय. भाकर थापायच्या आधी चार वेळा हात धुते. घरातल्या पोरांना तर हातच लावत नाय. म्हनते, माजा हात चांगला नाय."

मी सुनेला बाहेर जायला सांगितलं आणि सुईणीला सगळं सांगितलं. मीठ, घाम न फुटलेल्या पिशव्या, तळाला बसलेले कण, मेकॅनिक, माझी दोन वर्षं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. शेवटी म्हणाले, "मावशी, तुझे हात स्वच्छ होते. माझ्या सुया मेलेल्या होत्या."

ती ओरडेल, शिव्या देईल, मारेल, याची मी वाट बघत होते. मला ते हवं होतं. ती आपले हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मीठ टाकाया तुला कोन बोललेला?"

"माझी आई."

"जिती हाय?"

"हाय."

"तिला म्हाइत हाय?"

मी मान हलवली. नाही.

तिनं माझा हात धरला. इतक्या वर्षांत तिनं कुणाच्या लेकराला हात लावला नव्हता, आणि माझा धरला.

"तिला नको सांगू," ती म्हणाली. "मी नातू मारला असं धरून मी इतकी वरसं काढली, बाय. लय जड जातां. तिला नको सांगू."

मी रडले, ती रडली नाही. मी निघाले तेव्हा सुनेचं तान्हं मूल ओसरीवरच्या झोळीत कुरकुरत होतं. सुईण झोळीपाशी गेली, हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मग रांजणाकडे वळली. मी सांगितलेलं तिला पटलं असेल, पण हातांना पटलं नव्हतं. तिथं मी फार उशिरा पोचले होते.

आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, मला ती कधी स्वतःची बहीण समजायची, कधी बाजारातली गिऱ्हाईक. एके सकाळी मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. गारवा लागल्यावर तिनं डोळे उघडले आणि मला बरोबर ओळखलं.

"मीठ टाकतेस ना गो?"

"टाकते, आये."

"पोरं बरी हायत?"

"बरी हायत," मी म्हणाले. "सगळी बरी हायत."